डब्यावर त्रिकोण नाही

सोमवार, ५ जानेवारी

आजपासून रोज लिहायचे. नवीन वर्षाचा संकल्प चार दिवस उशिरा सुरू होत आहे, कारण ते चार दिवस गुलाबावरच्या भुरीत गेले. थंडी पडली की पानांवर पांढरी बुरशी येतेच. गंधकाची भुकटी धुरळली. आता आटोक्यात.

आज सौ.ला अमरावतीला नेऊन पहिली केमो दिली. नोव्हेंबरात छातीतली गाठ काढली, आता हे औषध दर तीन आठवड्यांनी, एकूण सहा वेळा. डॉक्टरीणबाईंनी बजावले की तारीख चुकवायची नाही. आणि डोक्यावरचे केस जातील, औषधे संपली की परत येतील. डॉक्टर लोकांना आधी घाबरवून ठेवायची सवय असते. कमी गेले तर श्रेय त्यांचे. मीसुद्धा शेजारच्या मळ्यातल्या देवीदासला त्याच्या संत्र्याबद्दल असेच सांगतो.

सौ.ने त्यांना एकच विचारले. बावीस फेब्रुवारीले पोरीचं साक्षगंध हाय, तवरक राहतीन का जी? बाई म्हणाल्या, कठीण आहे.

सौ.ने शेपटा पुढे घेऊन मांडीवर ठेवला. तिचे केस कमरेच्या खाली जातात. साक्षगंधात, म्हणजे रागिणीच्या साखरपुड्यात, अंबाडा घालायचा आणि त्यावर आपल्या मळ्यातल्या शेवंतीची वेणी, असे तिने दिवाळीतच ठरवून ठेवले होते. शेवंतीचा एक वाफा त्यासाठी मी मुद्दाम उशिरा लावला आहे.

बसमध्ये तिला सांगितले, केस राहतील. जबाबदारी माझी. झाड असो की माणूस, मुळाशी काय चालले आहे तेवढे बघायचे असते. भातकुली तालुक्यात हे माझ्याइतके कोणी बघत नाही.

रविवार, ११ जानेवारी

संक्रांतीसाठी रागिणी अकोल्याहून आली. विम्याच्या ऑफिसात नोकरी, मैत्रिणीबरोबर खोली. खोलीवर नळ रोज येत नाही, म्हणून या पोरी डोके पाण्याने न धुता डब्यातल्या फवाऱ्याने धुतात. त्याला ड्राय शाम्पू म्हणतात. तो तिने आईसाठी आणला.

कारण असे की ऑपरेशनच्या बाजूचा हात सौ.ला खांद्याच्या वर नेता येत नाही. मागच्या खेपेला मी न्हाऊ घातले तर केस वाळेपर्यंत ती हुडहुडत राहिली. डॉक्टरीणबाईंनी सर्दी होऊ द्यायची नाही असे सांगितले आहे. रागिणीने हातभर अंतरावरून फवारले, थोडे थांबली, बोटांनी चोळले, मग ब्रशने झाडून काढले. सौ. खूश. हलकं वाटून राहिलं म्हणे.

मी डबा घेऊन ओट्यावर बसलो.

माझे शिक्षण नववी. पण इंग्रजी मी औषधांच्या बाटल्यांवरून शिकलो आणि ते पदवीवाल्यांपेक्षा पक्के आहे. अॅक्टिव्ह इन्ग्रेडियंट, डोस, अँटिडोट, हे मला विचारा. फवारणीच्या प्रत्येक बाटलीवर एक रंगीत त्रिकोण छापलेला असतो. लाल म्हणजे जहाल विष, मग पिवळा, निळा, हिरवा. हा डबा मी चहूबाजूंनी फिरवून पाहिला. त्रिकोण नाही. अँटिडोटही दिलेला नाही.

म्हणजे कंपनी काहीतरी लपवत आहे.

रागिणी म्हणाली, बाबा, हा शाम्पू आहे, फवारणीचं औषध नाही. मी म्हटले, तुझ्या हातात नोझल आहे का नाही? ती ब्रश झटकायला परसात गेली. पोरगी हुशार आहे, पण मुळाशी जात नाही.

संकल्प: ड्राय शाम्पू केसांना आणि टाळूला घातक आहे का, याचा निकाल लावायचा. पद्धतशीर. चिडायचे नाही.

बुधवार, १४ जानेवारी

हळदीकुंकू. सौ.ने रागिणीकडून सैल शेपटा घालून घेतला होता. बाया विचारत होत्या, मंजुषा, बिमार तू अन् केस असे, लावतं तरी काय? ती हसली. बिमार पडल्यापासून असे हसताना पाहिली नव्हती.

मी बोलायचे नाही असे ठरवले होते. पण डब्याचा विषय निघाल्यावर माहिती देणे भाग होते. डब्यातला गॅस, स्टार्च, रंध्रे बंद होणे, सगळे सविस्तर सांगितले. बायांनी वाण घेतले आणि लवकर निघाल्या. सौ. म्हणाली, तुमी काहून येता जी बायकाच्या मंधात?

शनिवार, १७ जानेवारी

प्रयोग सुरू.

१. स्वतःवर. माझ्या डोक्यावर आता दोन्ही कानांच्या वर एकेक पट्टा उरला आहे. डाव्या पट्ट्यावर ड्राय शाम्पू, उजव्यावर काही नाही. तुलना.

२. गुलाबावर. एका पानावर फवारा मारला. पान पांढरे पडले.

३. सौ.च्या टाळूचा सामू (पीएच) काढायचा आहे. माती तपासायच्या किटमधले कागद शिल्लक आहेत. सौ. म्हणाली, मी काय वावर हाव का? समजावले, तेव्हा टाळूला ओला कागद लावू दिला. रंग तक्त्यावरच्या दोन खणांच्या मध्ये आला. काळजीचे कारण आहे किंवा नाही.

देवीदासने माझा डावा पट्टा पाहून विचारले, रामभाऊ, एकाच बाजूनं पिकले का हो?

मंगळवार, २० जानेवारी

सकाळी सौ.च्या उशीवर केस. थोडे नव्हेत. तिने मुठीत गोळा केले आणि परसात जाऊन उभी राहिली. कुठे टाकायचे ते तिला सुचत नव्हते. मी घेतले.

सिद्ध झाले. अकरा तारखेला फवारा, आज गळ. इतका स्पष्ट पुरावा विद्यापीठाच्या प्रयोगातही मिळत नाही.

सौ. म्हणाली, डॉक्टरीणबाईनं सांगतलंच होतं ना. मी म्हटले, तो योगायोग. ती चहा ठेवायला गेली.

रागिणीला फोन केला. ती म्हणते, बाबा, केमो आहे ती. मी तिला सांगितले की परदेशात एका कंपनीचे हेच डबे दुकानांतून परत मागवले होते, मी मोबाईलवर वाचले आहे. ती म्हणाली, ते खरं आहे, त्या मालात नको ते रसायन सापडलं होतं. पण त्यानं असे मुठीनं केस जात नसतात. आईला रडू आलं का? मी म्हटले, विषय बदलू नको.

केस बियाण्याच्या छोट्या काट्यावर तोलून ठेवले. रोज तोलायचे. मोजमापाशिवाय बोलणारा माणूस मला आवडत नाही.

शनिवार, २४ जानेवारी

अकोल्याला जाऊन आलो. कृषी विद्यापीठात डबा तपासायला दिला. खिडकीवरचा माणूस म्हणाला, काका, इथं माती तपासतात, पाणी तपासतात. मी म्हटले, तत्त्व एकच आहे. त्याने मागे वळून कुणाला तरी हाक मारली. आत तिघे हसले. डबा परत आणला.

होणारे जावई अंकुरराव स्टँडवर सोडायला आले. मुलगा नम्र आहे. गाडीवर बसल्या बसल्या मागे वळून म्हणाले, काकूंना सांगा, आमच्या घरी कुणाला केसांचं काही नाही. रुमाल बांधून आल्या तरी चालेल. माझ्या आईनं तर विगचं दुकानही विचारून ठेवलंय.

मला राग आला, पण दाखवला नाही. म्हटले, गरज पडणार नाही, माझे काम चालू आहे. मुलगा चांगला, विज्ञान कच्चे.

मंगळवार, २७ जानेवारी

दुसरी केमो.

डॉक्टरीणबाईंना ड्राय शाम्पूबद्दल सविस्तर विचारले. बाहेर पेशंट खोळंबले होते, पण विषय महत्त्वाचा होता. त्यांचे म्हणणे असे: ते केसांतले तेल शोषून घेते, डोके स्वच्छ करत नाही. अधूनमधून वापरायला हरकत नसते. पण वरचेवर मारले आणि धुतले नाही तर थर साचतो, खाज येते, पुरळ येते. जखमेवर कधीच नाही. आणि मंजुषाताईंचे केस चालले आहेत ते माझ्या औषधाने, त्या डब्याने नव्हे. टाळू आता नाजूक झाली आहे. हलक्या कोमट पाण्याखेरीज डोक्याला काही लावू नका.

म्हणजे थर साचतो, खाज येते, हे त्यांनी स्वतःच कबूल केले. मी जिंकलो.

काही लावू नका, हे वाक्य कंपनीच्या मालाबद्दल असावे.

गुरुवार, २९ जानेवारी

मोठा शोध. सौ. उन्हात बसली होती. मागून पाहिले तर भांगात, कानांमागे, मानेवर पांढरट थर. बोटाने पुसला, बोट पांढरे. नखावर घेऊन उजेडात धरला.

भुरी.

तीस वर्षे गुलाबावर पाहतो आहे. मला कुणी शिकवायला नको.

सौ. म्हणाली, सकाळी तो फवारा मारला मीनं, डाव्या हातानं. नीट झाडता नाही आलं. व्हिडिओ कॉलवर रागिणीही तेच म्हणाली. बाबा, ती पावडरच आहे, ब्रश फिरवा, निघून जाईल. मी विचारले, तू भुरी किती वेळा पाहिली आहेस? ती म्हणाली, बाबा, प्लीज.

डबा औषधांच्या कपाटात, लाल त्रिकोणांच्या खणात ठेवला. कुलूप लावले. किल्ली माझ्याकडे.

सौ. म्हणाली, त्याचा वास तेवढा बरा वाटे. दवाखान्याचा वास जाये अंगाचा.

रविवार, १ फेब्रुवारी

मंजुषा केशरक्षक चूर्ण तयार झाले. आरारूट (तेल शोषायला), शिकेकाई, रिठा, कडुनिंबाचा वाळवलेला पाला, आणि भुरीसाठी गंधक. गंधक आपलेच, गुलाबावरचे. त्याच्या पिशवीवर त्रिकोण आहे. हिरवा. जे आहे ते उघड आहे.

मलमलीतून तीनदा गाळले. डब्यातल्या मालाला एवढी मेहनत घेतो का कुणी?

सौ.च्या डोक्यावर हलक्या हाताने धुरळून वरून फडके घट्ट बांधले. ती म्हणाली, डॉक्टरीणबाईले फोन करून इचारा ना एकडाव. मी म्हटले, रविवारी त्रास कशाला द्यायचा. मग म्हणाली, करा बापा. तुमाले बरं वाटते तं करा.

साक्षगंध झाले की चूर्णाच्या पुड्या बांधून चांदूर बाजारच्या बाजारात ठेवायचा विचार आहे. वर पूर्ण घटक छापायचे. लपवाछपवी नाही.

बुधवार, ४ फेब्रुवारी

यश. काट्यावर आज गळ जवळपास निम्म्यावर. देवीदासला आकडे दाखवले. तो कागद परत देत म्हणाला, रामभाऊ, झाडाले पानंच राहिले नाई तं गळन कोठून?

देवीदास संत्र्याला काय मारायचे हे आजवर मला विचारत आला. अशा माणसाचे मनावर घ्यायचे नसते.

सौ.च्या डोक्याच्या मागच्या बाजूला अजून लांब केस आहेत. अंबाडा होईल. छोटा होईल, पण होईल. वेणी थोडी दाट गुंफली की झाले.

माझा डावा पट्टा उत्तम आहे. तो ड्राय शाम्पूवाला. अपवाद समजावा.

रविवार, ८ फेब्रुवारी

सौ. म्हणते आग होऊन राहिली. आग होणे म्हणजे औषध लागू होणे. कोरडे असल्यामुळे नीट बसत नसेल, म्हणून आज पाण्यात कालवून लेप दिला.

तिने डोळे मिटून घेतले. ओठ दाबून धरले होते. विचारले, फार होते का? म्हणाली, नाई जी, बांधा.

बुधवार, ११ फेब्रुवारी

टाळू लाल, काही ठिकाणी फोड. एक-दोन फुटले. लेपात रिठ्याचे प्रमाण वाढले असावे. गंधकाचा दोष नाही. लेप थांबवला. तात्पुरता. खोबरेल लावले.

सौ. भिंतीला टेकून बसूनच झोपते. उशी लागली की दुखते.

रागिणीचा फोन आला. सौ.ने घेतला. बरी हाव, जेवली, तुझे बाबा लय करून राहिले माझ्यासाठी, असे म्हणाली. मी शेजारीच होतो. व्हिडिओ लावू का विचारल्यावर म्हणाली, नको, अंधार हाय इकडे. दुपारचे ऊन खिडकीतून तिच्या मांडीवर पडले होते.

शनिवार, १४ फेब्रुवारी

सौ.ला सकाळपासून ताप. थंडी वाजून. देवीदासने त्याची गाडी काढली. सीटवर टॉवेल घालून तिला आडवी केली. अमरावतीला पोचलो, लगेच भरती.

रक्त तपासले. केमोने अंगातली ताकद आधीच उतरलेली, त्यात टाळूच्या जखमांतून इन्फेक्शन गेले. डॉक्टरीणबाईंनी फडके सोडून पाहिले आणि मागे सरकल्या. रागिणी तोवर अकोल्याहून येऊन पोचली होती. तिनेही पाहिले.

बाई म्हणाल्या, डोक्याला काय लावलं होतं?

मी म्हटले, ड्राय शाम्पू. हिने आणलेला.

शास्त्रीयदृष्ट्या सुरुवात तिथूनच झाली होती.

बाई रागिणीवर बरसल्या. शिकलेली मुलगी, एवढं कळत नाही का, म्हणाल्या. रागिणी माझ्याकडे पाहत होती. मी सलाइनचे थेंब पाहत होतो. थेंब ठीक पडत होते.

तेव्हा सौ. पलंगावरून म्हणाली, मॅडम, पोट्टीले नका बोलू. थे गुलाबावरची पावडर हाय. भुरीची. यायनं लावली, मीनं लावू देली.

बाई माझ्याकडे वळल्या. मग सिस्टरकडे ड्रेसिंगचे सामान मागितले. मला बोलल्या असत्या तर बरे झाले असते.

सौ.ला ताप होता. तापात माणूस काहीही बोलतो. अर्थात ती बोलली ते खरे होते, आणि मी ते सांगणारच होतो. क्रम चुकला एवढेच.

मंगळवार, १७ फेब्रुवारी

आज तिसऱ्या केमोची तारीख. झाली नाही. जखमा भरेपर्यंत देता येणार नाही. विचारले, किती फरक पडतो? डॉक्टरीणबाई म्हणाल्या, म्हणूनच सांगितलं होतं, तारीख चुकवायची नाही. त्यापुढे मी विचारले नाही. त्यांनी सांगितले नाही.

ताप उतरला आहे. सौ.ला थोडे वरण चालते.

रागिणी म्हणाली, साक्षगंध पुढे ढकलू. माझ्याशी नाही बोलली, आईशी. सौ. म्हणाली, काही नाई ढकलायचं. माझ्या केसापाई तुहा मुहूर्त कायले जावा? रागिणी म्हणाली, केसांपायी नाही गं माय, तू भरती आहे. सौ. म्हणाली, मी भरती हाव तं बाप जाईन. बापाचं काम काय हाय, खुर्चीवर बसनं.

दोघी हसल्या. मी दारात होतो. मला पाहून रागिणी थांबली.

रविवार, २२ फेब्रुवारी. अकोला.

साक्षगंध झाले. व्यवस्थित.

पहाटे मळ्यात जाऊन त्या उशिरा लावलेल्या वाफ्यातली शेवंती खुडली. वेणी गुंफली. कुणासाठी ते ठरवले नव्हते. ओल्या फडक्यात गुंडाळून डब्यात घातली आणि बसने निघालो.

खोलीवर पोचलो तेव्हा पार्लरची मुलगी रागिणीचे केस करत होती. नळ आला नव्हता. त्या मुलीने माझ्या हातात फवाऱ्याचा डबा दिला आणि म्हणाली, काका, हा जरा हलवून द्या ना, माझे हात भरलेत. तोच डबा. तशाच डब्यापैकी दुसरा. मी हलवला. डब्यावर लिहिले आहे, वापरण्यापूर्वी नीट हलवा. नीट हलवला. तिने मारला, थांबली, बोटांनी चोळले, ब्रशने झाडले. भांगातली सगळी पांढरी पावडर निघून गेली. काहीच उरले नाही.

वेळ लागला नाही.

रागिणी आरशातून माझ्याकडे पाहत होती.

हॉलमध्ये अंकुररावांच्या आई जवळ येऊन बसल्या. विहीणबाई कशा आहेत? म्हटले, सर्दी झाली आहे. त्या म्हणाल्या, भाऊ, काल मी बोलले त्यांच्याशी फोनवर. मला माहीत आहे. मग त्यांनी लाडू पुढे केला. मी खाल्ला.

वेणी रागिणीला द्यायला गेलो. तिने घेतली, हातात फिरवून पाहिली, चांगली गुंफली म्हणाली आणि परत दिली. बाबा, ही आईची आहे.

परतीच्या बसमध्ये वेणीचा डबा मांडीवर होता. झाकण उघडले नाही. शेवंती टिकते. हे फूल मी टिकाऊपणासाठीच निवडले होते.

रविवार, १ मार्च

सौ. गुरुवारी घरी आली. डॉक्टरीणबाईंचे म्हणणे, राहिलेले केस कापून टाका म्हणजे मलम सगळीकडे पोचेल. दवाखान्यातली सिस्टर कापायला तयार होती. सौ. नको म्हणाली.

आज ओट्यावर पाट मांडून बसली. म्हणाली, तुमीच करा. गुलाबाच्या कलमाचे डोळे भरता ना, हात हलका हाय तुमचा.

कात्री उकळून घेतली. मागच्या बाजूला दोन-तीन लांब बटा, बाकी जागोजागी पुंजके, मधे खपल्या. खपलीला धक्का न लावता कापायला वेळ लागतो. घाई केली नाही. ती एकदाही हलली नाही. मधे एकदा म्हणाली, थंड वाटते. बरं वाटते.

सगळे झाल्यावर तिने कापलेल्या बटा गोळा करून माझ्या हातावर ठेवल्या. म्हणाली, घ्या. आता एकदाचे मोजा.

टोमणा नव्हता. तिला वाटले, मला हवे असतील.

काट्यावर ठेवले. आकडा आला. लिहिला नाही.

मग औषधांचे कपाट उघडून तिचा डबा काढून दिला. वासासाठी. तिने डोक्यावर नव्हे, पदरावर मारला. जखमेवर मारायचे नसते हे तिला माहीत आहे. पहिल्यापासून माहीत होते.

तिसरी केमो कधी, ते डॉक्टरीणबाई मंगळवारी पाहून सांगणार.

संध्याकाळी देवीदास आला. संत्र्याची पाने मुरडून राहिली, काय मारू, किती मारू? मी म्हटले, कृषी केंद्रात विचार.

तो म्हणाला, त्यायले काय समजते? तुमी सांगा.

मी म्हटले, मला माहीत नाही.

देवीदास गेला नाही. हातातले पान फिरवत तिथेच उभा राहिला. मग त्याने हळूच विचारले, रामभाऊ, तब्येत बरी नाई का तुमची?